पर्यटकांमुळे प्राचीन स्थळं खरंच झिजतात, की गर्दीवर उगाच खापर?

भटकभवानी

मंडळी, आमच्या भटक्या गटात एक वाद कायमचा मुक्कामाला आला आहे, तो इथे टाकते. आम्ही लेणी, जुनी देवळं, उत्खननाच्या जागा असं काहीबाही बघत फिरतो. गटातला एक जण म्हणतो, पर्यटन ही या जागांना लागलेली कीड आहे, सरळ कुलूप लावा. दुसरीचं म्हणणं, कुलूप लावलेला वारसा कुणाचाच नसतो, आणि जिथे माणसं जायची थांबतात तिथे मूर्तिचोर जायला लागतात. दोघंही आवाज चढवून बोलतात, त्यामुळे बाकीच्यांना ऐकताना दोघांचंही पटतं.

मला भाषण नको, नेमकं हवं आहे. मी लेण्यात जाऊन दहा मिनिटं उभी राहिले तर त्या भिंतीचं काय बिघडतं? श्वासानं चित्रं खराब होतात म्हणतात, ते कसं? फ्लॅश मारला की रखवालदार अंगावर येतो, त्यात तथ्य किती? "रोज इतकेच लोक" असा आकडा लावतात तो येतो कुठून? आणि बंद केल्यावर जागा वाचते का?

प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर फार बरं. नेटवरचं वरवरचं मीही वाचलं आहे.

दगडफूल

एका शब्दात उत्तर: लास्को.

फ्रान्समधली चित्रांची गुहा. १९४० साली चार पोरांना सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली केली. १९५५ च्या सुमारास दिवसाला बाराशेच्या आसपास माणसं आत जात होती. हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांवर पंधरा वर्षांत शेवाळ आलं. १९६३ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यानं, आंद्रे मालरोनं, गुहा बंद करून टाकली. विषय संपला. तुमचा कुलूपवाला बरोबर आहे.

चुनखडी

दगडफूल, १९६३ ला विषय संपला असता तर फार बरं झालं असतं.

भित्तिचित्रांचं संवर्धन हे माझं काम. यात चित्रकलेचा भाग लोकांना वाटतो त्याहून खूप कमी असतो. बराचसा वेळ मान वाकडी करून गिलाव्यावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करायची आणि कुठे बद्द आवाज येतो त्याची नकाशावर खूण करायची, यात जातो. बद्द आवाज आला की तिथे गिलावा मागच्या दगडापासून सुटला आहे असं समजायचं. तो कशामुळे सुटला हे शोधायला महिने लागतात. "गर्दीमुळे" असं म्हणायला अर्धं मिनिट लागतं. म्हणून अहवालांत "गर्दीमुळे" हेच जास्त सापडतं.

लास्कोत १९६३ पासून पर्यटक नाहीत. तरीही २००१ मध्ये फ्युजेरियम नावाच्या पांढऱ्या बुरशीनं गुहेची जमीन भरली. त्याच्या थोडंच आधी आतली हवा नियंत्रित करणारी यंत्रणा बदलली होती. बुरशी मारायला रसायनं वापरली, जमिनीवर चुना पसरला, आणि पुढे काही वर्षांत काळे डाग उमटले. हे सगळं कुलूप लावलेल्या गुहेत. खरा घाव पडला तो लोकांना आत घेण्याच्या तयारीत: गुहेचं तोंड मोठं केलं, आतली माती उपसून जमीन खाली नेली, पायऱ्या बांधल्या, दिवे लावले. गुहेनं आत धरून ठेवलेली हवा तेव्हा सुटली. नंतर दार बंद केलं म्हणून ती परत आली नाही.

आता भटकभवानीताईंचे प्रश्न.

माणूस नुसता उभा राहिला तरी सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. शिवाय श्वासातून आणि घामातून पाण्याची वाफ, आणि कार्बन डायऑक्साइड. उघड्या देवळाच्या अंगणात याची किंमत शून्य. जिथे हवा हलतच नाही अशा खोल गुहेत मात्र हे साठत जातं. वाफ थंड भिंतीवर धरते. दगड चुनखडीचा असेल तर कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आंबट झालेलं ते पाणी चुनखडी खातं आणि दुसरीकडे तिचीच पांढरी पुटं चढवतं. लास्कोत याला "पांढरा रोग" म्हणायचे आणि शेवाळाला "हिरवा रोग". शेवाळाला ओल पुरत नाही, उजेडही लागतो. तो दिव्यांनी पुरवला.

मातीच्या गिलाव्यावर रंगवलेल्या चित्रांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे खरा शत्रू क्षार. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार. दगडात किंवा गिलाव्यात मीठ असतं. हवेतला दमटपणा एका पातळीच्या वर गेला की ते ओल शोषून विरघळतं, हवा कोरडी झाली की परत त्याचे खडे बनतात. खडा वाढताना जागा मागतो, आणि त्याला जागा मिळते ती गिलाव्याला आतून ढकलूनच. एकदा झालं तर काही दिसत नाही. शेकडो वेळा झालं की पोपडा पडतो आणि त्याबरोबर बोधिसत्त्वाचा अर्धा गाल.

हे सगळ्यात नीट कुणी मोजलं असेल तर चीनमध्ये, दुनहुआंगजवळच्या मोगाओ गुहांत. वाळवंटाच्या कडेला आहेत त्या. दुनहुआंग अकादमी आणि अमेरिकेतली गेटी संवर्धन संस्था १९८९ पासून तिथे एकत्र काम करत आल्या आहेत. त्यांनी गुहांत सेन्सर ठेवले, माणसं आत घेऊन आणि न घेता आकडे घेतले, ८५ क्रमांकाच्या गुहेतल्या क्षारांचा पिच्छा पुरवला. त्यातून दोन मर्यादा निघाल्या. सापेक्ष आर्द्रता ६२ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत १५०० च्या वर नको (ही मर्यादा चित्रांपेक्षा आत उभ्या राहणाऱ्यांसाठी, कारण कोंदट हवेत लोकांचं डोकं दुखतं). आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट: पावसाळी दिवशी उघडं राहिलेलं दार बाहेरची दमट हवा ज्या झपाट्यानं आत आणतं त्यापुढे दहावीस जणांचे श्वास किरकोळ ठरतात. म्हणजे एकाच गुहेत, तेवढीच माणसं, कोरड्या दिवशी चालतात आणि ओल्या दिवशी चालत नाहीत.

आकडा येतो कुठून, तर असा यायला हवा. मोगाओत त्यांनी आधी गुहा पारखल्या. तेरा चौरस मीटरपेक्षा लहान गुहा बाद. भिंत कमकुवत असेल तर बाद. उरलेल्यांत एका वेळी पंचवीस जण. दमटपणा मर्यादेजवळ गेला की ती गुहा बंद आणि गट दुसरीकडे. याची बेरीज करत करत दिवसाला ६००० हा आकडा निघाला. २०१४ मध्ये गुहांपासून लांब अभ्यागत केंद्र उघडलं. लोकांनी आधी तिथे बसून फिल्म बघायची आणि मग गुहेत यायचं, म्हणजे आतलं समजावून सांगणं आत उभं राहून होत नाही.

आता दुसरे आकडे बघा. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर २०२३ पासून दिवसाला २०,००० ची मर्यादा. इटलीतल्या पॉम्पेईत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन शहरात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० ची मर्यादा. एक टेकडीचा माथा, दुसरं ६६ हेक्टरांचं शहर, आणि आकडा तोच! पेरूतल्या माचू पिचूचा आकडा एके काळी २५०० होता, २०२४ मध्ये तो ४५०० झाला आणि गर्दीच्या काही दिवसांना ५६०० पर्यंत गेला. मधल्या काळात तिथल्या दगडांची ताकद वाढल्याचं ऐकिवात नाही. असे आकडे दारावरच्या रांगेसाठी असतात. वाईट नसतात, नसण्यापेक्षा बरेच. पण भिंतीला विचारून काढलेला आकडा आणि तिकीटखिडकीला विचारून काढलेला आकडा यांत फरक आहे, आणि "मर्यादा घातली" या बातमीत तो कळत नाही.

फ्लॅशबद्दल उद्या लिहिते, हात दुखला.

दगडफूल

वाचलं. दोनदा वाचलं. गुहांचं ठीक आहे, पण उघड्यावरच्या दगडाचं काय? तिथे ना दार ना श्वास. तिथे पायच खातात ना?

चुनखडी

तिथे पायच खातात, आणि हातही. यात माझं काही दुमत नाही.

बुटाच्या तळाला चिकटलेली वाळू म्हणजे पॉलिशपेपर. दगड किती कठीण यावर तो किती लवकर झिजणार हे ठरतं. कंबोडियातल्या अंकोरच्या देवळांचे वालुकाश्म मऊ, म्हणून तिथे मूळ पायऱ्यांवर लाकडी जिने बसवले आहेत आणि अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एका वेळी शंभर जणांनाच सोडतात. खालच्या लांबलचक शिल्पपटांत हाताच्या उंचीवरचं कोरीव काम चकचकीत गुळगुळीत झालं आहे. तळहाताचा घाम आणि तेल दगडाच्या छिद्रांत जातं, त्यावर धूळ बसते, काळा तुकतुकीत थर तयार होतो. वरच्या आणि खालच्या भागाशी ताडून बघा, हाताची पोच कुठपर्यंत आहे ते रेघ मारल्यासारखं दिसतं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या दगडांना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दोरी आहे, ती याच कारणासाठी. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साचा पिरॅमिड चढायला २००६ मध्ये बंद केला तो मात्र एक बाई पडून दगावल्यावर, दगडासाठी नव्हे.

यातही एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. एकदाच घडणारा अपघात हजारो पायांपेक्षा जास्त खातो. माचू पिचूवरचा इंतिवाताना हा कोरलेला खडक चारपाचशे वर्षं उभा होता. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेन त्यावर पडली आणि कोपऱ्याचा टवका उडाला. त्या मंडळींना चित्रीकरणाची रीतसर परवानगी होती, क्रेन आणायची नव्हती.

फ्लॅश. दगडाला त्यानं काहीही होत नाही. रंगांवर प्रकाशाचा परिणाम होतो तो एकूण किती प्रकाश पडला त्यावर. क्षणभराच्या फ्लॅशपेक्षा दिवसभर जळणारा दिवा जास्त प्रकाश टाकतो. शिवाय अजिंठ्यातले गेरू, पिवळी माती, काजळी, लाजवर्दी (निळ्या दगडाची पूड) हे बहुतेक खनिज रंग, ते प्रकाशाला पुरून उरतात. तिथली चित्रं आपल्याला काळपट-पिवळी दिसतात त्यात मोठा वाटा जुन्या वार्निशचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचा थर दिला, तो पुढे गडद होत गेला. हेतू चांगला, हात कुशल, तरी व्हायचं ते झालं. मग फ्लॅशला बंदी का? एक म्हणजे काही सेंद्रिय रंग खरंच नाजूक असतात, आणि रखवालदारानं दर भिंतीपाशी रसायनशास्त्र शिकवावं ही अपेक्षा चुकीची. दुसरं, फोटोसाठी माणूस थबकतो, मागे सरतो, आणि मागे दुसरी भिंत असते. मी रखवालदाराच्याच बाजूनं आहे, कारण वेगळं आहे एवढंच.

वाटाड्या

मी लोकांना फिरवून पोट भरतो, तेव्हा माझ्या म्हणण्यातला स्वार्थ आधीच मोजून घ्या.

चुनखडीताईंनी दगडाचं सांगितलं, मला आजूबाजूचं सांगायचं आहे. अंकोरला देवळाच्या आत माणसं किती याचीच चर्चा होते. पण सिएम रीप गावात हॉटेलं उभी राहिली, त्यांनी जमिनीतलं पाणी उपसायला सुरुवात केली, आणि देवळं ज्या वाळूच्या थरावर उभी आहेत तो पाणी धरून असला तरच भक्कम राहतो, ही चिंता तिथले तज्ज्ञ वर्षानुवर्षं मांडत आहेत. म्हणजे पर्यटक देवळात न जाता हॉटेलात नुसता अंघोळ करत बसला तरी देवळाच्या पायाशी त्याचा संबंध आहेच.

दुसरं, स्थळ "स्वच्छ" करताना माणसं उचलली जातात. जॉर्डनमधल्या पेट्राच्या खडकात कोरलेल्या थडग्यांत बदूल नावाच्या जमातीची कुटुंबं राहत होती. १९८५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पेट्रा जागतिक वारसा झालं त्याच वर्षी, त्यांना जवळच बांधलेल्या वस्तीत हलवलं. हंपीत विरूपाक्षाच्या समोरच्या जुन्या बाजारातली दुकानं आणि घरं जुलै २०११ मध्ये पाडली. तिथल्या मंडपांत भिंती घालून लोकांनी मूळ वास्तूची मोडतोड केली होती हेही खरंच आहे. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. पण परिणाम असा होतो की रात्री जागेवर जाग राहत नाही. दिवसा हजारो डोळे आणि अंधार पडला की एक चौकीदार. ताईंच्या गटातल्या त्या मैत्रिणीला मूर्तिचोरांची भीती वाटते ती काही हवेतली नाही.

पैशाचं म्हणाल तर "पर्यटनातून देखभाल होते" हे वाक्य मीही दहा वेळा ऐकवतो. पॉम्पेईत वर्षाला वीसेक लाख लोक जात होते तेव्हाच, नोव्हेंबर २०१० मध्ये, पावसानं ग्लॅडिएटरांची म्हणून ओळखली जाणारी इमारत कोसळली. गर्दीनं नाही कोसळली. मागची ओली माती नीट निचरा न झाल्यानं सरकली आणि वरचं जुन्या दुरुस्तीतलं काँक्रीटचं छप्पर जड होतं. त्यानंतर १० कोटी ५० लाख युरोंचा मोठा प्रकल्प आला आणि मग मुख्य काम काय झालं, तर पाणी वळवणं आणि उतारांना आधार देणं. पैसे दारात जमा होत होतेच, ते गटारापर्यंत पोचत नव्हते.

आणि आमच्या धंद्याचंही सांगतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले स्वरस्तंभ वाजवून दाखवायची प्रथा पर्यटकांनी नाही पाडली, वाटाड्यांनी पाडली. "ऐका, मृदंग!" म्हटलं की माणूस खूश, बक्षिशी वाढते. आता तिथे वाजवायला मनाई आहे. दगडी रथाची चाकंही एके काळी फिरत, लोक फिरवायचे, म्हणून ती पक्की करून टाकली. मी आता खांबापासून हातभर लांब उभा राहून सांगतो. लोक विचारतात, वाजवून दाखवा ना. बक्षिशी कमी मिळते.

भटकभवानी

हे सगळं फार कामाचं आहे. दोन गोष्टी राहिल्या. एक, त्या हुबेहूब नकला करतात त्याबद्दल काय मत? आमचा कुलूपवाला म्हणतो मूळ बंद करून नक्कल दाखवा, झालं. दुसरं म्हणजे आम्ही चाळीस जण लेण्यांना जाणार आहोत. आम्ही काय करावं? "जाऊ नका" सोडून सांगा.

चुनखडी

नकलेला माझा विरोध नाही. लास्कोची नक्कल १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर झाली, नंतर २०१६ मध्ये त्याहून मोठी आणि पूर्ण. फ्रान्समधलीच शोव्हे ही चित्रांची गुहा १९९४ मध्ये सापडली ती लोकांना कधी उघडलीच नाही; तिची नक्कल २०१५ पासून आहे. लास्कोपासून शिकून केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. चांगल्या नकलेत तुम्हाला नाक लावून बघता येतं, पोरांना मागे ओढावं लागत नाही, दिवा हवा तसा लावता येतो. पण नकलेनं मूळ आपोआप वाचत नाही. नक्कल झाल्यावर मुळाकडे बघायला वर्षाला किती पैसे ठेवले हे विचारत जा. तिथे बऱ्याचदा शांतता असते.

कुलूपवाल्यांना मी इजिप्तमधल्या तुतनखामन राजाच्या थडग्याची गोष्ट सांगते. तिथल्या चित्रांवर तपकिरी ठिपके आहेत. पर्यटकांच्या श्वासानं बुरशी वाढते आहे अशी अनेकांना धास्ती होती. गेटीच्याच लोकांनी २००९ पासून दहा वर्षं तिथे काम केलं. थडगं उघडल्यानंतर १९२० च्या दशकात काढलेले हॅरी बर्टनचे फोटो शेजारी ठेवून त्यांनी ठिपके ताडले. ठिपके तेव्हाही तेवढेच होते. सूक्ष्मजीव कधीच मेलेले होते, वाढ शून्य. पर्यटकांनी आणलेलं खरं नुकसान म्हणजे धूळ. ती बसते, मग कुणाला तरी झाडावी लागते, आणि झाडताना रंग निघतो. म्हणून उपाय झाला तो हवा खेळती ठेवण्याचा, लोकांना भिंतीपासून लांब ठेवण्याचा. ठिपक्यांवर औषध फवारलं असतं तर लास्कोसारखीच नवी भानगड सुरू झाली असती.

चाळीस जणांचं: रंगवलेल्या लेण्यात एकत्र घुसू नका, दहादहा करा. जी काही माहिती सांगायची ती बाहेर झाडाखाली सांगा. आत गप्प राहून बघायला कमी वेळ लागतो आणि जास्त दिसतं. पाठीवरच्या बॅगा बाहेर, नाहीतर छातीवर घ्या. माझ्या नजरेला पडलेल्या ताज्या ओरखड्यांत सगळ्यात जास्त ओरखडे बॅगेच्या बक्कलांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे असतात, साधारण खांद्याच्या उंचीवर, वळणाच्या जागी. भिजलेले असाल तर आधी वाळा, मग आत या. उघड्यावरच्या शैलचित्रांवर पाणी शिंपडून रंग उजळवून दाखवणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा. कोरलेल्या रेघांवर खडू फिरवणाऱ्यालाही. आणि जिथे पहारा नाही अशा जागेचा नेमका नकाशा फोटोबरोबर टाकू नका.

दगडफूल

बक्कल आणि बाटली. हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. फलकावर नेहमी फ्लॅश.

भटकभवानी

बॅगा बाहेर आणि दहाचे गट, दोन्ही गटात मंजूर. चाळीस जणांत बॅगांपाशी कोण थांबणार यावर नवा वाद सुरू झाला आहे. कुलूपवाल्याला सगळा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, ६२ टक्केच का? ६० का नाही, ७० का नाही? हाही आकडा कुणीतरी खिडकीवरच ठरवला नसेल कशावरून?

चुनखडी

चांगला प्रश्न आहे, त्याला सांगा. नुसतं साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला ओल धरून विरघळू लागतं. भिंतीत एकच मीठ असतं असं नाही. दोनतीन क्षार मिसळले की मिश्रण त्यांतल्या प्रत्येकाच्या एकट्याच्या पातळीपेक्षा कमी दमटपणालाच पाझरायला लागतं. मोगाओतली मर्यादा तिथल्या मिश्रणावरून आणि थोडी सुरक्षित बाजू धरून ठरलेली आहे. दुसऱ्या लेण्यात दुसरे क्षार, तिथे हा आकडा उचलून लावला तर तो निरुपयोगी किंवा घातकही. त्यासाठी गिलाव्याचा नखाएवढा नमुना लागतो, डेटालॉगर (आर्द्रतेची सतत नोंद ठेवणारी यंत्रं) लागतात आणि निदान एक पूर्ण पावसाळा लागतो. लॉगर मिळतात. पावसाळाभर थांबायला कुणी तयार नसतं.

बॅगांपाशी कुलूपवाल्यालाच बसवा.